घरात विचारलेले तेरा प्रश्न

सेनगाव,
२४ एप्रिल २०२६

विदुषी साधनाबाई, पुणे, यांस,

तुझं पुडकं काल पोचलं. पोस्टमननं ते हातात देताना जरा वरखाली करून पाहिलं आणि विचारलं, पेपर तपासायला आले का सर? मी हो म्हणालो. ते खोटंही नव्हतं. सत्तावीस वर्षं पोरांच्या संस्कृतच्या उत्तरपत्रिका तपासल्या, आता तू मला रोग्यांच्या तपासायला बसवलंस. नांदेडला आपल्या संस्कृतच्या वर्गात तू वसमतच्या भीमनगरातली आणि मी साखऱ्याच्या शेतकऱ्याचा, असे दोघंच मागच्या बाकावर असायचो. वाट चुकून आलात का, असं सर आपल्याला विचारायचे. तू पुढं वाट बदललीस आणि आरोग्याच्या संशोधनात गेलीस. मी चुकलेलाच राहिलो.

कामाचं बोलतो. तुझ्या फॉर्मात तेरा वाक्यं आहेत. रोग्यानं प्रत्येक वाक्य ऐकून ते आपल्याला किती लागू पडतं ते सांगायचं. एकापासून चारपर्यंत गुण. बावन्न पडले तर माणूस आपली तब्येत आपण सांभाळू शकतो, तेरा पडले तर त्याला देवच वाली. हे मला समजलं. समजली नाही ती मराठी. 'स्वतःच्या आरोग्याच्या व्यवस्थापनात मी सक्रिय भूमिका बजावतो.' माझं पोट संस्कृतवर भरतं, तरी या वाक्यानं मला घाम फुटला. आमच्या शाळेतल्या रामकिशन शिपायाला रक्तदाब आहे, त्याला ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, "भूमिका तर नाटकात असती सर. आमी नुसता पडदा वढतो." मी त्याचं 'माझी तब्येत सांभाळणं हे माझंच काम आहे' असं केलंय. 'पूर्णतः सहमत'च्या जागी 'अगदी बराबर' घातलंय. इकडं निजाम गेला तरी त्याचा बराबर राहिला. बाकीच्या दुरुस्त्या लाल शाईत आहेत.

साखऱ्याच्या तीस शुगर-बीपीवाल्यांच्या यादीत अकराव्या नंबरावर गोजरबाई ग्यानोबा हे नाव आहे. ती माझी आक्का. मी सात वर्षांचा असताना आई गेली, पुढं हिनंच मला वाढवलं. अकरा वर्षांपासून शुगर आहे, दोन वेळा सुई टोचून घेते. दोन वर्षांखाली भाऊजी गेले तेव्हापासून एकटी राहते. माझ्याकडं यायला तयार नाही. परवा गेलो होतो तर चैत्र सरलेला, घराचे पत्रे तापलेले, आणि ही पायात लोकरीचे मोजे घालून बसलेली. काहून गं, म्हणालो. धूळ लागती, म्हणाली. आयुष्यभर अनवाणी रान तुडवलेली बाई. मला ते आवडलेलं नाही.

नात्यातल्या माणसाला मीच विचारलं तर चालतं का, ते कळव. आणि तुझ्या त्या चौकटींत चिंतेला जागा कुठं आहे तेही.

तुझा,
विश्वंभर

*

पुणे,
३० एप्रिल २०२६

प्रिय विश्वंभर,

लाल शाईतल्या सगळ्या दुरुस्त्या मान्य. पडदा ओढणाऱ्या रामकिशनला माझा नमस्कार सांग. आमच्या बैठकीत ते वाक्य सांगितलं, चार डॉक्टर हसले आणि एकानं विचारलं, हे पाहणीत धरायचं का?

नात्यातलं माणूस असेल तर कोपऱ्यात तशी नोंद कर आणि विचार. गावात दुसरं कोणी नाही आपल्याकडं. फक्त मदत करायची नाही. वाक्य एकदा वाचायचं, अर्थ सांगायचा नाही, चेहऱ्यानंही सुचवायचं नाही. आणि सगळ्यांना त्यांच्या घरी जाऊनच विचार, शक्यतो संध्याकाळी, कामं आटोपल्यावर. दवाखान्यात माणसं डॉक्टरला बरं वाटेल ते बोलतात. आपल्या घरात, आपल्या जागेवर माणूस खरं बोलतं. हा नियम मी स्वतः आग्रहानं घातलाय.

पंधरा दिवसांनी त्याच तीस जणांना तीच वाक्यं पुन्हा विचारायची. उत्तरं जुळली तर वाक्यं भरवशाची, नाही जुळली तर आमची दोन वर्षं पाण्यात.

पहिल्या फेरीत सगळ्यांत कमी गुण पडतील त्या दहा जणांकडं सहा महिने दर आठवड्याला शिला नावाची नर्स जाईल. तिला विचारायचं कमी आणि बघायचं जास्त, असं शिकवलंय: पाय, सुई, गोळ्यांचा डबा. बाकी वीस जणांना माहितीपुस्तिका. तेवढंच जमतंय. एक जूनपासून ती सुरू करेल.

आक्कांची काळजी करू नकोस. इतकी वर्षं एकटीनं सुई घेणारी बाई तुझ्याहून खंबीर असणार. तुला तर इंजेक्शन बघून चक्कर यायची, मला आठवतं.

साधना

*

सेनगाव,
९ मे २०२६

साधना,

अभिनंदन. हिंगोली जिल्ह्यात कोणी आजारी नाही. तीस फॉर्म सोबत आहेत, त्यातले सत्तावीस पंचेचाळिसाच्या वर. माझ्या वर्गाचा असा निकाल लागला असता तर चौकशी बसली असती.

नियम पाळले. रोज दिवेलागणीला घरोघरी गेलो. चहा झाला, वाक्यं वाचली, खुणा केल्या. ज्या मिराबाईनं सकाळी रस्त्यात मला धरून गोळ्यांनी डोकं गरगरतं म्हणून सांगितलं, तिनं संध्याकाळी आपल्या घरात बसून गोळ्यांची कसलीच तकलीफ नाही असं सांगितलं. मी तोंड उघडलं नाही. तू चेहराही बंद करायला सांगितलं होतंस, तोही बंद ठेवला.

आक्काला बावन्नपैकी बावन्न.

तिच्याकडचं सविस्तर लिहितो, कारण फॉर्मात ते लिहायला जागा नाही. मी गेलो तेव्हा तिनं देवापुढं दिवा लावला होता आणि उदबत्त्या. एक नाही, पाच एकदम. खोली धुरानं भरलेली. त्या धुराच्या खालून कसला तरी वास येत होता. गोडसर, फळ नासल्यासारखा. मी म्हणालो, आंबे नासले का गं? ती म्हणाली, उंदीर मेला असंल भिताडात. आणि सहावी उदबत्ती लावली.

मग वाक्यं. 'सुई किती घ्यायची ते मला नीट कळतं.' अगदी बराबर. 'अंगावर जखम किंवा सूज दिसली तर पुढं काय करायचं ते मला माहीत आहे.' अगदी बराबर. एकदाही अडखळली नाही. फक्त उत्तर देताना ती माझ्याकडं बघत नव्हती. मान वर करून आढ्याकडं बघत होती, वर कोणी बसून ऐकत असल्यासारखी. मीही दोनदा वर पाहिलं. वर धूर होता.

तेराव्या वाक्याला तिच्या डाव्या मोज्यावर माश्या बसल्या. तीन. तिला कळलं नाही. मी हातानं हाकलल्या तेव्हा तिनं पाय लुगड्याखाली घेतला.

पाय दाखव म्हणालो. पायाला काय झालंय, म्हणाली. दवाखान्यात चल म्हणालो. मला काय झालंय, म्हणाली. हिला ओढत नेता येत नाही. मला मोठं केलेली बाई आहे, अजून माझ्यावर डोळे वटारते आणि मी अजून गप्प बसतो.

तिला बावन्न देऊन मी घरी आलो. मला त्या खुणांची भीती वाटते. तुझ्या नर्सला बघायचं शिकवलंय म्हणतेस. आक्काला कोणी विचारू नये, नुसतं बघावं. तेवढं जमव.

विश्वंभर

*

पुणे,
१४ मे २०२६

प्रिय विश्वंभर,

फॉर्म मिळाले. गुण जास्त आहेत खरे, पण अशक्य नाहीत. शिलानं या भागात वर्षभर शिबिरं घेतलीत, त्याचा परिणाम असेल. तसं झालं असेल तर मला आनंदच आहे.

आक्कांचं नाव दहांत घालता येणार नाही. बावन्न गुणांच्या बाईला घालायचं आणि तिच्याऐवजी कोणाला काढायचं? तू धाकटा भाऊ म्हणून बघतोयस, मला कागद बघावा लागतो. भिंतीत उंदीर मरतात, विश्वंभर. आणि म्हाताऱ्या माणसांना उन्हाळ्यातही पाय गार पडतात. माझी आई मेमध्ये मोजे घालते.

तुझ्या पत्रातला तो धूर मात्र वाचून झाल्यावरही जात नाही. तू कादंबरी का लिहीत नाहीस?

दुसरी फेरी एकोणीसपासून सुरू कर. शिलाची यादी पहिल्या फेरीवरून पक्की झाली आहे.

साधना

*

सेनगाव,
२५ मे २०२६

साधना,

तुझा नियम मी मोडला. आधी कबूल करतो, मग कारण सांगतो.

एकोणीसला सकाळी साखरा फाट्यावर एस.टी.तून उतरलो. वाटेत आमच्या बांधावर आक्का दिसली. एकटीच तुऱ्हाट्या गोळा करून मोळी बांधत होती. पायात मोजे, मोज्यांवर चप्पल, डावा पाय ओढत. मी म्हणालो, संध्याकाळी घरी येतो, तीच वाक्यं परत विचारायचीत. ती म्हणाली, "मंग इथंच इचार की. काहून हेलपाटा घालतूस?"

मी बांधावर बसलो आणि पहिलं वाक्य वाचलं. माझी तब्येत सांभाळणं हे माझंच काम आहे.

तिनं मोळीची गाठ आवळली. बराच वेळ आवळत राहिली. मग म्हणाली, "काम माजंच हाय, बापू. पर माज्याच्यानं व्हत न्हाई."

मी पेन्सिल धरून बसलो. पुढची वाक्यं वाचत गेलो आणि ती सांगत गेली, कोणी बूच काढल्यासारखी. सुईवरच्या रेघा तिला दिसत नाहीत. वर्ष झालं, अंदाजानं औषध ओढते. कधी जास्त जातं, मग घामानं लुगडं भिजतं, बोलता येत नाही, भिंतीला धरून बसते आणि कोणीतरी यावं म्हणून दाराकडं बघते. तीनदा झालंय असं. पायाला घोट्याखाली काही कळत नाही. चैत्रात देवळाच्या तापल्या फरशीवर उभी राहिली होती, घरी येऊन पाहिलं तर फोड. पुढचं काय झालं ते ती सांगेना.

एकोणीस गुण पडले.

मग मी विचारलं, घरी त्या दिवशी सगळं अगदी बराबर काहून म्हणालीस? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी अजून सात वर्षांचाच आहे. "घरात कसं म्हनू?" म्हणाली. "तुझे भाऊजी दिवेलागणीला उंबऱ्यात बसून म्हनले, आता माज्याच्यानं व्हत न्हाई. तिसऱ्या दिशी गेले. त्यो ऐकतो, बापू."

तुला समजावं म्हणून सांगतो. घराच्या वास्तूत एक देव असतो आणि घरात जे बोललं जाईल त्याला तो तथास्तु म्हणतो. म्हणून घरात नाही म्हणायचं नसतं, संपलं म्हणायचं नसतं, आणि दिवा लागताना तर तोंडातून वाईट अक्षर काढायचं नसतं. तुमच्या घरानं या देवाला कधीच निरोप दिला. आमच्यात तो भाडं न भरता राहतो. मी वर्गात पोरांना तथास्तुची फोड करून देतो, तथा अधिक अस्तु, आणि हसतो. माझ्या बहिणीनं त्याच्या भीतीनं दोन वर्षं तोंड मिटून ठेवलंय हे मला माहीत नव्हतं.

आणि आपण काय केलं? तिला घरात बसवून, दिवेलागणीला, तेरा वेळा विचारलं की तुझ्याच्यानं होतं का.

म्हणून उरलेल्यांपैकी सहा जणांना मी मुद्दाम घराबाहेर गाठलं. पारावर, गिरणीवर, हापशावर. एकोणपन्नासाचे बावीस झाले, सत्तेचाळिसाचे सव्वीस. मिराबाईचं डोकं परत गरगरायला लागलं. बाकीच्यांना नियमानं घरीच विचारलं, त्यांचे गुण जसेच्या तसे आहेत. तूच जुळवून बघ.

बोलणं झाल्यावर मी म्हणालो, आता पाय दाखव. ती मोळी डोक्यावर घेऊन घराकडं चालू लागली. घराच्या वळणावर तिचं बोलणं थांबलं.

शिलाला एक जूनला साखऱ्यात आक्काच्या दारात उभी कर. हात जोडून सांगतो.

विश्वंभर

*

पुणे,
२९ मे २०२६

विश्वंभर,

हे पत्र मी दोनदा फाडलं. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय.

तुझ्या सात फॉर्मांचे गुण पहिल्या फेरीपेक्षा निम्म्यावर आलेत, आणि त्यातला सर्वांत मोठा फरक तुझ्या सख्ख्या बहिणीच्या फॉर्मात आहे. तिला नर्स मिळावी असं तू मला आधी दोन पत्रांत लिहिलेलं आहेस. ती पत्रं फॉर्मांबरोबर फाइलला लागलीत. आमच्या आकडेवाल्यांनी काय म्हटलं असेल ते तुला सांगायला नको. सहा जणांचे गुण सोबतीला उतरवले म्हणजे सातवा एकटा दिसत नाही, असं ते म्हणाले. मी तुझ्या बाजूनं बोलले. पण माझ्याकडं बोलायला फक्त तुझीच पत्रं होती.

आढ्यावरचा देव ऐकतो म्हणून आकडे बदलले, हे मी कोणाला कसं सांगू?

सरळ विचारते. ते फॉर्म त्यांनी सांगितलेत तसेच भरलेत का? तू भीतीनं काही केलं असशील तर मला समजेल, पण मला खरं कळायला हवं. तोपर्यंत ते सात फॉर्म बाजूला ठेवलेत. यादी बदलणार नाही.

रागावू नकोस.

साधना

*

नांदेड,
५ जून २०२६

साधना,

होय, तसेच भरलेत. एवढं एका ओळीत झालं.

राग आला होता. आता त्याला सवड नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितोय, अक्षर लावून घे.

एक तारखेला शिला साखऱ्यात आली आणि आक्काच्या दारावरून पुढं गेली. मी तिथंच ओट्यावर होतो. तिच्या हातात यादी होती, तिचा काही दोष नाही. आक्कानं दारातून तिला हात केला, बरी हाय म्हणाली. घरातून तो वास आता ओट्यापर्यंत येत होता.

हा धोंड्याचा महिना चालू आहे. मंगळवारी मी पंचामृत, तांब्या आणि परात घेऊन गेलो. आक्काला म्हणालो, अधिक महिन्यात धाकट्या भावानं थोरल्या बहिणीची पाद्यपूजा केली तर तेहतीस पट पुण्य लागतं, शास्त्रात आहे. असं कुठल्याही शास्त्रात नाही. ते शास्त्र मी सेनगाव ते साखरा एस.टी.त रचलं. ती नको म्हणाली, मग म्हणाली उजव्या पायाची कर. मी म्हणालो, एका पायाची पूजा अशुभ. ते ऐकून तिनं डावा पायही पुढं केला. मी तिला तिच्याच भीतीनं धरलं, साधना. दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं.

मंत्र म्हणायचा तर या पूजेला मंत्र नाही. मी राम शब्द चालवायला घेतला. रामः रामौ रामाः. ती हात जोडून डोळे मिटून बसली. उजवा मोजा द्वितीया विभक्तीला निघाला, पाय बरा होता. डावा निघेना, चिकटला होता. पाणी घालत घालत सोडवला. मोजा निघाला तेव्हा मी पंचमीला होतो. त्यापुढचं मला आठवलं नाही. सत्तावीस वर्षं रोज म्हणतोय ते.

अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलेलं, कोळशासारखं. तळव्यात रुपयाएवढं भोक. आत पांढरं काही दिसत होतं आणि ते हाललं. मी परात घट्ट धरली. ती डोळे मिटूनच म्हणाली, "झाली का पूजा?"

मी झाली म्हणालो. आणि तिला उचलून बाहेर नेलं. चौसष्ट-पासष्ट वर्षांची बाई, घागरीएवढी हलकी लागली. अंगणात आल्यावर ती माझ्या खांद्यावर रडली. तिथून जीप, हिंगोली, आणि त्यांनी घेतलं नाही म्हणून नांदेड.

डॉक्टर म्हणतात विष वर चढतंय. उद्या सकाळी आत घेतील. बोटं जातील, पाऊल जाईल, की गुडघ्याखालून जाईल, ते टेबलावर ठरवणार. शुगर चारशेच्या वर आहे. भूल सोसेल का ते सांगता येत नाही म्हणतात. माझी सही घेतली. चार पानांवर. मी एकही ओळ वाचली नाही.

आतमध्ये ती सगळ्यांना बरं वाटतंय म्हणून सांगतेय. भूल देणाऱ्या डॉक्टरलाही. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, हिच्यावर विश्वास ठेवू नका, हिला विचारू नका, हिला बघा.

तुझ्या माहितीपुस्तिकेची प्रत मिळाली. छपाई चांगली आहे.

विश्वंभर

*

साखरा,
१० जून २०२६

प्रिय विश्वंभर,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी निघाले. आधी नांदेडला यावं असं वाटलं, पण तुझ्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहू, कळेना. शिलानं फोनवरून सांगितलं की ऑपरेशन झालं, दोन बोटं आणि तळव्याचा थोडा भाग गेला, पाऊल राहिलं. मग मी इथं आले.

काल संध्याकाळी मी स्वतः मिराबाईंच्या घरी बसले. वाक्यं मीच वाचली. अठ्ठेचाळीस. आज सकाळी त्याच मिराबाई हापशावर भेटल्या. हंडा भरेपर्यंत मी तीच वाक्यं वाचली. तेवीस. 'बाई, तुमी काल घरात इचारलं,' असं त्या हसून म्हणाल्या, जशी चूक माझी होती. आणि चूक माझीच होती. पुण्यात बसून मी लिहिलं की घरात माणूस खरं बोलतं. इथं कोणालाही विचारलं असतं तर त्यांनी मला सांगितलं असतं. तू तर न विचारता सांगितलंस आणि मी तुलाच खोटं पाडलं.

माफी मागते. एका ओळीत होण्यासारखी नाही, पण तुझ्यासमोर जास्त लिहायचं धाडस नाही.

सात फॉर्म परत घेतलेत. अहवालात लिहितेय की वाक्यं चुकली नव्हती, जागा चुकली होती, आणि जागा मी ठरवली होती. यादी रद्द झाली. सगळ्या तीस जणांना बाहेर भेटून पुन्हा विचारायचं. फॉर्माला एक पान जोडतोय, त्यात प्रश्न नाहीत, नुसतं दाखवायचं: सुई भरून दाखवा, पाय दाखवा. शिला उद्यापासून फिरेल, त्यात आक्कांचं नाव धरलंय. ड्रेसिंगही तीच करेल.

दोन माणसांच्या पायांवर शिलाला आत्ताच जखमा सापडल्या. त्या दोघांना मी पुस्तिका दिली होती.

आक्का घरी आल्या की एकदा त्यांना विचारशील? माझ्यासाठी नाही, शिलाला कुठं हात द्यायचा ते कळावं म्हणून. जागा त्यांनी ठरवावी.

तुझी,
साधना

*

साखरा,
२४ जून २०२६

प्रिय साधना,

माफी मिळाली. ती ठेवून घेतली आहे, परत मागू नकोस. पुस्तिकेवरचा टोमणा मी मागं घेतो, छपाई खरंच बरी होती.

आक्काला शनिवारी घरी आणलं. मी रजा टाकून इथंच आहे. डॉक्टरांनी बजावलंय की चाळीस दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, जखमेला माती लागता कामा नये. म्हणजे जागा ठरवायचा प्रश्नच उरला नाही. तिला आता बांधावर जाता येत नाही. जे काही म्हणायचं ते याच आढ्याखाली.

पहिले तीन दिवस ती बरी हाय एवढंच म्हणत होती. शिला एक दिवसाआड येते, पट्टी बदलते, न विचारता बघते. त्यामुळं मी निर्धास्त होतो. पण मधला दिवस राहतोच, आणि त्या दिवशी हिच्या अंगात काय चाललंय ते तिलाच माहीत असतं. तीन वेळा घामानं भिजून भिंतीला धरून बसलेली बाई आहे. मी शाळेत परत गेल्यावर हिचं काय, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

काल दुपारी तू सांगितल्याप्रमाणं फॉर्म काढला. खाटेजवळ बसलो. उजेड लख्ख होता, दिवेलागणीला पुष्कळ अवकाश होता, तेवढी काळजी मी घेतली. पहिलं वाक्य वाचलं.

तिनं वर पाहिलं. नेहमीसारखं. मी पेन्सिल चौथ्या चौकटीवर नेऊन ठेवली, कारण उत्तर मला माहीत होतं. तिचा हात माझ्या मनगटावर आला. मग ती त्या घरात, भाऊजींच्या उंबऱ्याकडं तोंड करून, हळू पण नीट ऐकू येईल असं म्हणाली, "माज्याच्यानं व्हत न्हाई."

आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो.

हो, मीसुद्धा. तथा अधिक अस्तु शिकवणारा मी, श्वास धरून आढ्याकडं बघत होतो. माझ्या बहिणीच्या बोटांची नखं माझ्या मनगटात रुतली होती. बाहेर कोणाची तरी म्हैस ओरडली तर ती दचकली, मीही दचकलो. घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. पण तिसरा दिवस अजून यायचा आहे, हे ती जाणून होती आणि मीही. तरी तिनं मनगट सोडलं नाही आणि पुढं म्हणाली, "पट्टी वली झालीय सकाळधरनं. ठणकतंय वर मांडीपर्यंत. आज शिलाची पाळी न्हाई, तरी बोलाव तिला."

मी बोलावलं. शिला तासाभरात आली. पट्टी सोडून तिनं पाहिलं आणि मला बाहेर नेऊन म्हणाली की पू धरलाय, आजच उघडलं म्हणून वरचा पाय राहायची आशा आहे, उद्यावर गेलं असतं तर तिनं हातही लावला नसता. काल लगेच पुन्हा नांदेडला नेलं. आज संध्याकाळी आणलं. औषध बदललंय. अजून ताप आहे. ती झोपलीय, मी खाटेजवळ बसून हे लिहितोय.

फॉर्म सोबत आहे. पहिल्या वाक्यासमोर एक खूण आहे, एक गुणाची. बाकीची बारा वाक्यं मी विचारली नाहीत, ती कोरी आहेत. तुझ्या आकडेवाल्यांना हा फॉर्म अपुरा वाटेल. त्यांना सांग, तो टाकू नका.

तिचा ताप दर तासाला बघतोय. उद्या तिसरा दिवस.

तुझा,
विश्वंभर